पठारावरच्या गावांकडे निघण्यापूर्वी

सातारा

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा मिळाला. वाटेवरच्या गावांतल्या माणसांशी कसे वागावे, हा तुझा प्रश्नही वाचला. साताऱ्याहून ठोसेघर, तेथून चाळकेवाडी, वनकुसवडे आणि सडावाघापूरच्या पठारांवरून पाटणकडे उतरायचे, आणि दुसऱ्या टप्प्यात बामणोलीहून लाँचने कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडून कांदाटी खोऱ्यात शिरायचे, हा बेत तू नकाशावर नेटका आखला आहेस. अंतरे, चढ-उतार, मुक्काम, पाठीवरच्या पिशवीचे वजन, सगळे त्यात आहे. ज्या गावांतून तू जाणार त्या गावांत त्या दिवशी काय चालू असेल, एवढेच त्यात नाही. आणि माझ्या मते आराखड्याची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

तू जुलै महिना निवडला आहेस. धुके, धबधबे आणि हिरवाई पाहायची तर तो महिना चांगलाच, पण जुलैत या पट्ट्यात नाचणी आणि वरीची लावणी असते. पाऊस थांबण्याची वाट कोणी पाहत नाही. इरले किंवा प्लास्टिकचा कागद पाठीवर घेऊन बायामाणसे सकाळपासून वाकलेली असतात, आणि गावात दिवसभर म्हातारी माणसे व लहान मुले एवढीच उरतात. अशा वेळी भिजून आलेल्या दोन तरुणांना चहा द्यायचा, तर कोणाला तरी वावरातून उठून घरी यावे लागते. ती माणसे येतील आणि हसतमुखाने चूल पेटवतील. म्हणूनच त्यांना तसे करायला लागू नये, याची काळजी आपण घ्यायची. माझे मत विचारशील तर मार्गशीर्षात जा. नाचणी काढून, मळून झालेली असते, झरे अजून वाहते असतात, आणि गवत वाळून वणव्यांचे दिवस सुरू व्हायला अवकाश असतो.

मार्च ते मे मात्र टाळ, आणि त्याचे कारण ऊन हे नाही. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात 500 मिलिमीटरच्या आसपास. तरीही चैत्र-वैशाखात पाण्यासाठी पायपीट दोन्हीकडे दिसते. पश्चिमेकडचा सडा, म्हणजे पठाराचा उघडा माथा, जांभ्या खडकाचा आहे. तो पावसाचे पाणी धरून ठेवत नाही, आणि मातीचा थर पातळ. उन्हाळ्यात झऱ्याची धार करंगळीएवढी होते आणि हंडा भरायला बराच वेळ ताटकळावे लागते. दारात मांडलेल्या हंडा-कळशीतून कोणी तुला तांब्याभर पाणी दिले, तर ते कोणाच्या तरी डोक्यावरून चढ चढून आले आहे हे लक्षात असू दे. आपल्या बाटल्या आपण झऱ्यावर जाऊन भराव्यात, रांग असेल तर रांगेत थांबावे, आणि पिण्याच्या पाणवठ्यावर हातपाय, भांडी, कपडे यांतले काहीही धुऊ नये.

आता माणसांविषयी, कारण तुझ्या पत्रातला मुख्य प्रश्न तोच आहे. गावात शिरताना पहिल्या ओसरीवर जो वडीलधारा बसलेला असेल त्याला रामराम घालून थांबायचे. "पाव्हणं, कुठलं म्हणायचं? कुणाकडं आलाय?" हे विचारले जाणारच. शहरातून आलेल्यांना ही चौकशी आगाऊपणाची वाटते, पण तिच्यामागे कारणे आहेत. वही, कॅमेरा आणि मोठी पिशवी घेऊन आलेला अनोळखी माणूस या भागात मोजणीवाला असतो, कंपनीचा माणूस असतो किंवा जमिनीचा दलाल. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, कोयनाकाठच्या जमिनींना शहरातून गिऱ्हाईक येऊ लागले, आणि त्याआधी धरण आले. तेव्हा "असाच फिरायला आलोय" हे उत्तर कोणाला पटत नाही. तू शिराळ्याकडचा, गाव, तालुका, घरचे काय करतात, कोठून चालत आलास आणि उद्या कोठे जाणार, हे सगळे सरळ सांग. चांदोलीच्या बाजूचा म्हटल्यावर अर्धी ओळख तिथेच पटेल. क्वचित आडून जातही विचारली जाईल. त्यावर न चिडता आणि व्याख्यान न देता बोलणे पुढे न्यावे, पण आपण होऊन कोणाला ती विचारू नये.

घरात तरुण माणसे का दिसत नाहीत, हे तुझ्या लवकरच ध्यानात येईल. जावळी आणि पाटणमधली कितीतरी घरे मुंबईच्या बाजारांतल्या हमालीवर उभी आहेत. माथाडी कामगारांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातलेच, आणि माथाडींसाठीचा कायदा 1969 चा. ही मंडळी शिमग्याला, गणपतीला आणि गावच्या यात्रेला परततात. त्या दिवसांत गाव भरलेले आणि आनंदात असते, पण घरोघरी आधीच पाहुणे असल्यामुळे मुक्कामासाठी तो काळ बरा नव्हे. यात्रेला दिवसा जावे, देवाला नमस्कार करावा आणि संध्याकाळी खाली उतरावे.

कोयनेच्या काठी गेलास की आणखी एक गोष्ट समोर येईल. धरण 1960 च्या दशकात पुरे झाले आणि खोऱ्यातली कितीतरी गावे पाण्याखाली गेली. काही कुटुंबे दूर वसवली गेली, काही पाण्याच्या रेषेच्या वर डोंगरात सरकली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपाची आठवण सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत. पुढे 1985 मध्ये कोयना अभयारण्य आणि 2010 मध्ये चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हा पुनर्वसनाचा विषय पुन्हा निघाला. "तुमचं मूळ गाव कोणतं?" एवढे विचारलेस तरी एखादे आजोबा तासभर बोलतील. ऐकून घे. मात्र "मी वरपर्यंत पोचवतो" असे शब्द तोंडातून जाऊ देऊ नकोस. असे सांगून गेलेले पुष्कळ जण त्यांनी पाहिले आहेत.

पठारावरचे धनगरवाडे हा वेगळा विषय आहे. येथले गवळी धनगर मेंढ्यांपेक्षा म्हशी पाळणारे. घरे चार-दोन, तीही एकमेकांपासून लांब. वाडा दिसू लागला की दुरूनच मोठ्याने हाक द्यावी आणि थांबावे, कारण कुत्री आधी येतात. ती अंगावर आली तरी पळायचे नाही, घरातले कोणी बाहेर येईपर्यंत जागेवर उभे राहायचे. जुन्या घराची वळचण इतकी खाली असते की वाकूनच आत जावे लागते. आत डाव्या-उजव्या हाताला गोठा, दावणीला रेडकू, आणि चुलीच्या धुराने काळे कुळकुळीत झालेले वासे. म्हैस माणसांच्या इतक्या जवळ का, असे तोंडावर उमटू देऊ नकोस; पावसाळ्यातली थंडी आणि बिबट्याचे भय या दोन्हींचा तो बंदोबस्त आहे. धारेच्या वेळी, म्हणजे पहाटे आणि सांजेला, अनोळखी माणसाने गोठ्यात घुटमळू नये, म्हशी पान्हा चोरतात.

मुक्काम देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या ओसरीवर, पण सरपंच किंवा पोलीस पाटलांना विचारूनच. देवळात दारू आणि मांस कटाक्षाने नाही. देवराईतून वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, मग चहा राहिला तरी चालेल.

पैशांचे मी थोडे सविस्तर सांगतो, कारण तिथे चांगली मुलेही अडखळतात. जेवणाचे पैसे बहुतेक घरांत घरधनी घेणार नाही, आणि भिडेने नको म्हणणाऱ्याशी ओट्यावर हुज्जत घालणे दोघांनाही लाजिरवाणे. त्याऐवजी शिधा सोबत ठेव: चहा पावडर, साखर, तूरडाळ, थोडे तेल. ते जाताना नव्हे, तर पोचल्याबरोबर घरच्या मावशींच्या हाती द्यावे, म्हणजे ते मोबदला वाटत नाही आणि त्या रात्रीच्या स्वयंपाकाला उपयोगी पडते. सामान वाहायला किंवा वाट दाखवायला कोणी सोबत आले, तर मात्र मजुरी आधी ठरवून रोख द्यायची. तिथे भिडेचे कारण नाही. मुलांना चॉकलेटे वाटण्याची प्रथा मला मुळीच मान्य नाही. ज्या गावांत गिर्यारोहकांचे गट वारंवार जातात तिथली मुले अनोळखी माणूस दिसताच हात पुढे करतात, आणि त्यांच्या आयांना ते आवडत नाही. गोळ्या-औषधेही वाटू नकोस.

छायाचित्र विचारून घ्यावे, पाणवठ्यावरच्या बायकांचे कधीच घेऊ नये. जळवांसाठी मीठ किंवा तंबाखू, सड्यावरच्या फुरशांसाठी घोट्याच्या वर येणारे बूट आणि रात्री विजेरी. एवढे तुला ठाऊकच आहे.

कांदाटीचा टप्पा ठरवण्याआधी वन विभागाकडे प्रत्यक्ष चौकशी कर, कारण अभयारण्याच्या हद्दीत कोणती वाट खुली आहे हे नकाशावरून कळत नाही. वासोटा किल्ल्याला परवाना लागतो आणि वर रात्री राहता येत नाही. लाँचवाल्याशी परतीची वेळ जातानाच पक्की कर. नवा आराखडा झाला की पाठव, आणि या वेळी प्रत्येक मुक्कामासमोर तिथल्या सुगीची व यात्रेची तिथी लिही. ठोसेघरच्या बाजूची माझ्या ओळखीची माणसे आहेत, त्यांना विचारून तिथ्या बरोबर आहेत का ते कळवीन.

तुझा शुभचिंतक