नेमकी तीच मुलं गैरहजर का?

प्रश्न : मी शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. हजेरीसाठी घरीच एक वेबपान केलंय. ३८ मुलांची नावं, प्रत्येक नावापुढे चेकबॉक्स आणि वर ‘सगळे हजर’ असं बटण. पान उघडून बटण दाबलं की सगळ्यांना टिक लागते. पण चार मुलांची टिक हाताने काढून पुन्हा बटण दाबलं, तर नेमकी तीच चार तशीच राहतात. ‘एकूण हजर’चा आकडा हाताने टिक केली तर बदलतो, बटणाने नाही.
— एक शिक्षिका, संगमनेर

उत्तर : बाई, तुमचा कोड न बघताच सांगतो, बटणाच्या फंक्शनमध्ये तुम्ही ‘सेटअ‍ॅट्रिब्यूट’ वापरलं असणार. अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे एचटीएमएलच्या टॅगमध्ये लिहिलेला गुणधर्म; त्यातलं ‘चेक्ड’ ही चौकटीची फक्त सुरुवातीची स्थिती. चौकटीला एकदा माणसाचा हात लागला की ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुढे त्या अ‍ॅट्रिब्यूटकडे ढुंकूनही बघत नाही. तुमचा हात चारच मुलांना लागला होता.

‘क्वेरीसिलेक्टरऑल’ने सगळे चेकबॉक्स गोळा करा आणि ‘फॉरईच’मध्ये प्रत्येकाच्या ‘चेक्ड’ या प्रॉपर्टीला, म्हणजे चौकटीच्या आत्ताच्या स्थितीला, थेट ‘ट्रू’ द्या. एवढंच. जेक्वेरी या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीतही हा घोळ होता, म्हणून २०११ साली १.६ आवृत्तीत प्रॉपर्टीसाठी ‘प्रॉप’ वेगळं काढलं. त्याआधीच्या उदाहरणांत अ‍ॅट्रिब्यूटचं ‘अ‍ॅटर’ दिसेल, ती उतरवून घेऊ नका.

आता आकडा. कोडने टिक बदलली तर ‘चेंज’ इव्हेंट, म्हणजे बदल झाल्याची ब्राउझरची वर्दी, घडतच नाही, त्यामुळे तुमच्या मोजणीला पत्ताच लागत नाही. मोजणीचं फंक्शन वेगळं लिहा आणि बटणाचं काम संपताना तेही चालवा. कुणी सांगेल, त्यापेक्षा प्रत्येक चौकटीवर ‘क्लिक’ फंक्शन चालवा, इव्हेंट आपोआप घडेल. घडतो खरा, पण क्लिक म्हणजे आहे त्याच्या उलट! आमच्या सोसायटीच्या वर्गणीच्या यादीत मी हा शहाणपणा केला होता. ज्यांनी पैसे भरले होते तेवढेच थकबाकीदार झाले, आणि त्यांतल्या एका आजोबांनी मला जिन्यातच गाठलं.

हा फॉर्म पुढे सर्व्हरला पाठवणार असाल तर टिक नसलेल्या चौकटी त्यात जातच नाहीत. गैरहजर मुलं तुम्हाला पटावरच्या नावांतून हजर मुलं वजा करूनच काढावी लागतील.