शर्ट शाळेचा, केस मुलाचे

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुमच्या आठवीतल्या मुलाने सुट्टीत कडेने मशीन मारून वरचे केस लांब ठेवले. शाळा उघडल्यावर त्याला पहिले दोन तास वर्गाबाहेर उभं केलं. रोजनिशीत 'विद्यार्थ्याला न शोभणारी केशरचना' असा शेरा आला आणि केस कापल्याशिवाय पाठवू नका असा निरोप. त्याच शाळेने सहावीतल्या तुमच्या मुलीला नाकातली चमकी काढायला सांगितली. नवरा म्हणतो शाळेचं ऐका, भाऊ म्हणतो जाऊन आवाज चढवा. बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

माझी नोकरी अनुदानित माध्यमिक शाळेत झाली, त्यातली बरीच वर्षं पर्यवेक्षक म्हणून. फाटकाशी उभं राहून मुलांची नखं, बूट, केस बघायचं काम माझ्याचकडे असायचं. तेव्हा शाळेची बाजू मला आतून माहीत आहे. तरीही माझं मत असं की गणवेश आणि शरीर हे दोन वेगळे विषय आहेत आणि शाळा ते सवयीने एकाच नियमात कोंबतात. गणवेश संध्याकाळी खुंटीवर जातो. केस, कान, नाक, कपाळ मुलाबरोबर घरी येतं, मामाच्या लग्नाला जातं, यात्रेला जातं. पहिल्यावर शाळेचा हक्क मोठा, दुसऱ्यावर अगदी थोडा. आणि दोन्हींपैकी कशापायीही मुलाचा तास बुडवायचा हक्क तिला नाही.

गणवेशाचं लवकर उरकतो, कारण त्यावर तुमचं भांडण नाहीच. 'सगळी मुलं सारखी दिसतात' हा युक्तिवाद अर्धाच खरा. शर्ट सारखा असला तरी बूट, दप्तर, पाण्याची बाटली सगळं सांगून जातं, आणि जूनमध्ये कोणाच्या अंगावर मोठ्या भावाचा शर्ट आहे हे पहिल्या बाकावरूनही दिसतं. गणवेशाची सुरुवातच मुळी दानधर्मातून झाली. लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या 1552 सालच्या शाळेतल्या गरीब मुलांना निळे डगले मिळायचे, श्रीमंतांच्या शाळांनी गणवेश उचलला तो पुष्कळ नंतर. पण सकाळी 'आज काय घालू' हा घोळ वाचतो, सहलीला गर्दीत आपली पोरं ओळखू येतात, आईला रोजचे वेगळे कपडे पुरवावे लागत नाहीत. एवढं मला पुरेसं वाटतं.

त्यातही नियम मुलापासून जितका लांब बसून केला जातो तितका तो बिघडतो. आपल्याकडे 2024-25 मध्ये 'एक राज्य एक गणवेश' आलं. कापड वरून एकगठ्ठा घ्यायचं आणि शिलाई बचत गटांच्या महिलांनी करायची. कित्येक शाळांत अर्धं सत्र सरलं तरी गणवेश पोचले नव्हते, आणि पोचलेल्यांपैकी कोणाला सदरा घट्ट तर कोणाची पँट घोट्याच्या वर. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये सरकारने तो अधिकार पुढच्या वर्षापासून शाळा व्यवस्थापन समित्यांना परत दिला. गावातल्या शिंप्याला पोराचं माप माहीत असतं, मंत्रालयाला नसतं. मुलींच्या गणवेशाबद्दल तर निराळं लिहावं लागेल. सायकलने येणाऱ्या मुलीच्या गळ्यात ओढणी आणि अंगावरच्या गणवेशाला एक खिसा नाही, हे ठरवणाऱ्यांत कधी सायकल चालवणारी मुलगी नसते. केरळात वलयनचिरंगरा गावच्या सरकारी प्राथमिक शाळेने मुलामुलींना सारखाच शर्ट आणि गुडघ्याखाली येणारी तीन-चतुर्थांश पँट दिली. 2021 मध्ये तिची देशभर चर्चा झाली. मुद्दा साधा होता, मुलींना पळता यावं.

आता केस. शाळा जी कारणं देते ती मी स्वतः पालकांना ऐकवलेली आहेत, म्हणून त्यांचा कस सांगू शकतो. नखं कापलेली असावीत हे कारण पक्कं, कारण त्याच हातांनी पोषण आहार खायचा असतो. प्रयोगशाळेत बर्नरजवळ मोकळे केस नकोत, हेही पक्कं. मुलगी असो की मुलगा, बांधायला सांगा. उवांचं कारण द्यायचं तर कडेने मशीन मारलेल्या डोक्यात उवांना उलट जागा कमीच. राहतं ते 'शिस्त' आणि 'टपोरी दिसतो'. हे कारण नव्हे, ही आवड आहे, आणि तीही बहुधा मुख्याध्यापकांची नसते. माझ्या टेबलावर केसांच्या ज्या तक्रारी आल्या त्या बहुतेक इतर पालकांच्या. आपल्या पोराने हट्ट धरू नये म्हणून दुसऱ्याच्या पोराचे केस कापायला लावायचे, असा तो हिशोब.

आणखी एक गंमत बघा. एखाद्या मुलाने नवसाचे केस वाढवले असतील, तुळजापूरला जाऊन उतरवायचे असतील, तर हीच शाळा गप्प बसते. घरात कोणी वारलं म्हणून डोकं भादरून आलेल्या मुलाला कोणी हटकत नाही, उलट वर्गाला आधी समजावून ठेवतात की त्याला चिडवू नका. तेव्हा केसांमुळे अभ्यास बिघडत नाही हे शाळेला चांगलं माहीत असतं. देवासाठी वाकणारा नियम मुलाच्या आवडीपुढे ताठ होतो, एवढंच.

या बाबतीत जपानइतकं टोक कोणी गाठलं नसेल. ओसाका प्रांतातल्या एका सरकारी उच्च माध्यमिक शाळेतली मुलगी, तिचे केस जन्मतःच तपकिरी. शाळेने ते काळे करायला लावले. दर काही दिवसांनी कलप लावून डोक्याची त्वचा जळजळायला लागली, असं तिचं म्हणणं. शेवटी तिने शाळेत जाणं सोडलं, तर शाळेने वर्गातून तिचं बाकडं हलवलं आणि यादीतून नाव काढलं. 2017 मध्ये ती कोर्टात गेली. 2021 मध्ये निकाल लागला तो नीट वाचण्यासारखा आहे: बाकडं आणि नाव काढल्याबद्दल 3 लाख 30 हजार येन भरपाई, पण केसांचा नियम मात्र कोर्टाने योग्य ठरवला. म्हणजे नियमावर ती हरली, वागणुकीवर जिंकली. हे लक्षात ठेवा, तुमच्या कामाचं आहे.

कोर्टात जे झालं नाही ते लोकांच्या बोलण्यातून झालं. तिच्या बातमीनंतर तिथे अशा नियमांना 'काळे नियम' म्हणायला लागले. एप्रिल 2022 पासून टोकियोच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळांनी काही नियम काढूनच टाकले. सगळ्यांचे केस काळे हवेत हा एक. अंतर्वस्त्रांचा रंग ठरवणारा एक (हो, तेही होतं). तिसरा अगदी तुमच्या मुलाचा: कडेने बारीक आणि वर लांब अशा कटाला तिकडे 'टू ब्लॉक' म्हणतात, त्यावर बंदी होती. का, असं 2020 मध्ये टोकियोच्या विधानसभेत विचारलं तेव्हा शिक्षण विभागाचं उत्तर होतं की अशा दिसण्यामुळे मुलं भानगडीत किंवा अपघातात सापडू शकतात. लोक हसले. आणि आणखी एक गोष्ट काढली, 'विद्यार्थ्याला शोभेल असं' ही शब्दरचना, मोघम आहे म्हणून. तुमच्या रोजनिशीतला शेरा त्याच कुळातला आहे.

चमकीची गोष्ट दक्षिण आफ्रिकेतली. डर्बनच्या एका मुलींच्या सरकारी शाळेत तमिळ वंशाच्या हिंदू मुलीने 2004 च्या सुट्टीत नाक टोचून घेतलं. शाळा म्हणाली, काढ. आई म्हणाली, आमच्या घरात मुलगी वयात आली की नाक टोचतात, ही फॅशन नव्हे. प्रकरण थेट तिथल्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं. ऑक्टोबर 2007 मध्ये मुलीच्या बाजूने निकाल लागला तेव्हा ती शाळा सोडून गेलेली होती. शाळेचा मुख्य बचाव आपल्याकडचाच: आज हिला सोडलं तर उद्या सगळ्या येतील. सरन्यायाधीश पायस लांगा यांनी तो उलटवला. बाकीच्या मुलीही आपापली संस्कृती घेऊन पुढे आल्या तर त्यात भिण्यासारखं काय, आनंदच मानायला हवा, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. धर्माने सक्ती केलेली नसली, स्वतःहून पाळलेली रीत असली, तरी तिला संरक्षण आहे, हेही मान्य केलं. आणि विद्यार्थी, पालक, शिक्षक यांना विचारून नियमात सवलतीची सोय करा, असा शाळेला आदेश दिला. मला हा निकाल फार आवडतो, कारण त्याने गणवेश मोडला नाही. मुली गणवेशातच राहिल्या, फक्त नाक त्यांचं राहिलं.

आपल्याकडे धार्मिक चिन्हांचा प्रश्न अजून मिटलेला नाही. कर्नाटकातल्या हिजाबबंदीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं ऑक्टोबर 2022 मध्ये एकमत झालं नाही. मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या हिजाब, टोपी, बॅज यांवरच्या बंदीला ऑगस्ट 2024 मध्ये त्याच न्यायालयाने अंशतः स्थगिती देताना विचारलं की टिकली लावणाऱ्यांनाही अडवणार का. तुमचं प्रकरण त्या पातळीचं नाही आणि नेऊही नका. मुलीच्या बाबतीत एक कागद हाताशी ठेवा. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने राज्यांना कळवलं होतं की सणावारी राखी, टिळा, मेंदी यांवरून मुलांना शिक्षा करू नये. नागपंचमीची मेंदी हातावर दिसली म्हणून मुलींना छडी खाताना मी पाहिलंय, म्हणून ते पत्र मला विशेष वाटतं. त्यात चमकीचं नाव नाही, पण दिशा तीच आहे.

मुलाच्या बाबतीत तुमची खरी ताकद केसांत नाही, बुडालेल्या दोन तासांत आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही मना करतं, आणि कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत शाळा नाव काढू शकत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. हा कायदा 6 ते 14 वयोगटासाठी आहे, तेव्हा मुलगा आत्ता त्यात बसतो, नववी-दहावीत बसणार नाही. आणि 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना लागू नाही. तुमची शाळा तशी आहे का ते आधी बघा. शिक्षकाने स्वतः कात्री चालवली तर मात्र गोष्ट वेगळी. मुंबईत 2017 मध्ये एका शाळेने मुलांचे केस कापले तेव्हा पोलिसांनी शाळेतल्या लोकांना अटक केली होती.

हे सगळं पहिल्या भेटीत बाहेर काढू नका. भावाला घरी ठेवा. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या, पोच घ्या, आणि तीनच गोष्टी विचारा: केसांचा आणि दागिन्यांचा नियम लेखी कुठे आहे, त्यामागचं कारण काय, आणि मुलाला तासाला बाहेर कोणाच्या सांगण्यावरून ठेवलं. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही, कारण नियम तोंडीच असतो. तिथून विषय पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत न्या. तिथेही अडलं आणि तास बुडणं चालू राहिलं तरच गटशिक्षणाधिकारी.

वर्गशिक्षकांवर राग काढू नका, नियम त्यांनी केलेला नसतो. मार्च 2024 मध्ये शासनाने शिक्षकांनाच पोशाखसंहिता लावली, जीन्स-टीशर्ट नको, शर्ट खोचलेला हवा. तेव्हा 'आमच्या कपड्यांत सरकारने का पडावं' असं स्टाफरूममधून फार ऐकू आलं. ती आठवण हसत हसत करून दिलीत तर चालेल, खोचून नको.

मुलाला तुमच्याबरोबर न्यायचं का, हे त्यालाच विचारा. यायला तयार असेल तर तिथे त्यालाच बोलू द्या. आणि तोवर कोणी कितीही म्हटलं तरी घाबरून सरसकट बारीक करून टाकू नका. कडेचे केस काही महिन्यांत वाढून वरच्यांना मिळतील, तोपर्यंत न्हाव्याला फक्त कडा साफ ठेवायला सांगा.