रात्री प्यायलो, सकाळी गाडी चालवली: गुन्हा लागतो का?

प्रश्न: मी सांगलीत खतांच्या कंपनीत विक्री प्रतिनिधी आहे. मित्राच्या हळदीला रात्री नऊच्या सुमारास बसलो, साडेबारापर्यंत दीड क्वार्टर घेतली, जेवून झोपलो. पहाटे उठून अंघोळ केली, चहा घेतला आणि भावाच्या गाडीने सांगलीला निघालो. सहाच्या सुमारास कवठे एकंदच्या अलीकडे समोरून उसाच्या ट्रॅक्टरचा लाइट डोळ्यांवर आला आणि माझ्यापुढच्या दूधवाल्याच्या मोटरसायकलला मागून धडक बसली. त्याच्या मांडीचं हाड मोडलं. मी थांबलो, लोकांच्या मदतीने त्याला दवाखान्यात पोचवलं. पोलिसांनी पावणेसातला मशीनमध्ये फुंकायला लावलं, ४६ आलं. सातला अटक दाखवली, रक्त मात्र साडेनऊला घेतलं. मी पूर्ण शुद्धीत होतो, मग ड्रंक अँड ड्राइव्ह कसं? दोन तासांत रक्त घेतलं नाही म्हणून केस पडेल ना? मामा म्हणतात, "गाडी शेतावरचा ड्रायव्हर चालवत होता, तू शेजारी बसला होतास असं सांगू. दूधवाल्याला पैसे देऊन मिटवू." जामीन झालाय. सोमवारी भावाला जबाबासाठी बोलावलंय.

उत्तर: सोमवार जवळ आहे, म्हणून आधी मामांचं बोलणं घेतो. हे करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारल्यावर गाडी कोण चालवत होतं हे सांगणं मालकावर, म्हणजे तुमच्या भावावर, बंधनकारक आहे. तुमच्या भावाने खोटं नाव दिलं तर आज ज्या माणसावर काहीच नाही तो गुन्ह्यात ओढला जाईल. गुन्हेगाराला वाचवण्यासाठी खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे. आणि हे टिकणार तरी कसं? जखमीला उचलायला आलेल्या दहा जणांनी तुम्हाला स्टिअरिंगवरून उतरताना पाहिलंय. शेतावरचा गडी तुमच्या शब्दाबाहेर नाही, म्हणून त्याच्या गळ्यात केस अडकवायची, हे मला माणूस म्हणूनही पटत नाही. तुम्ही पळाला नाहीत, जखमीला दवाखान्यात नेलंत. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ ड्रायव्हरकडून हेच मागतं. तुमच्या बाजूची हीच सर्वांत भक्कम गोष्ट आहे आणि मामांच्या युक्तीने तीच हातची जाईल.

आता "मी शुद्धीत होतो" याबद्दल. त्याच कायद्याचं कलम १८५ (दारू पिऊन गाडी चालवणं) तुम्ही झोकांड्या खात होतात का हे विचारत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा झाला. ते रात्रीचं की सकाळचं, याला कायद्यात जागा नाही.

तुमचाच हिशेब मांडून पाहू. दीड क्वार्टर म्हणजे २७० मिली. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे तुमच्या पोटात सुमारे ९० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल गेलं. ७० किलोच्या पुरुषाच्या १०० मिलिलिटर रक्तात ते १९० मिलिग्रॅमच्या आसपास पोचेल एवढं होतं. यकृत हा आकडा तासाला साधारण १५ ने कमी करतं. कुणात थोडं कमी, कुणात थोडं जास्त. नऊपासून पावणेसातपर्यंत पावणेदहा तास झाले, त्यात १४५ च्या आसपास गेलं. उरलं ४५-४६. मशीनने नेमकं तेच दाखवलं. हा अंदाज आहे, पण त्यावरून एवढं कळतं की मशीन खोटं बोलत होतं म्हणायला फारशी जागा नाही, आणि धडक बसली तेव्हा, पाऊण तास आधी, आकडा ५५ च्या वरच असणार. चहा, अंघोळ, लिंबूपाणी यांनी तरतरी येते. यकृताचा वेग त्याने वाढत नाही. झोपेनेही नाही.

तुम्ही लिहिलंय की ट्रॅक्टरच्या लाइटमुळे दूधवाला दिसलाच नाही. खोटं म्हणत नाही मी. गळीत हंगामात या रस्त्यांवर काय चालतं ते आपण सगळेच बघतो: एकामागे दोन ट्रॉल्या, मागे ना रिफ्लेक्टर ना दिवा, समोरून डिपर न देणारे लाइट. पण डोळे दिपल्यावर नजर जमायला जो वेळ लागतो तो दारूने आणि अर्धवट झोपेने वाढतो. समोरचा उजेड, कडेची साइडपट्टी आणि पुढची मोटरसायकल या तिन्हींवर एकदम लक्ष ठेवण्याची ताकद तर थोड्या दारूनेही घटते, माणसाला स्वतःला काही जाणवण्याच्या कितीतरी आधी. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते. ब्रेकवर पाय अर्धा सेकंद उशिरा गेला तर आठ मीटर गेले. तो रस्ता रोजचाच धोक्याचा आहे, म्हणून तर तिथे पूर्ण शुद्ध डोकं लागतं. कोर्टात नुसता ट्रॅक्टरचा लाइट सांगून सुटका होईल असं समजू नका.

दोन तासांच्या नियमाबद्दल पुष्कळांचा गैरसमज आहे. कलम २०२ म्हणतं की १८५ खाली अटक झालेल्या माणसाची अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला कोठडीतून सोडलं पाहिजे. सोडायचं कोठडीतून, गुन्ह्यातून नव्हे. शिवाय कलम १८५ मध्ये श्वासाची चाचणीही चालते आणि प्रयोगशाळेची तपासणीही. साडेनऊच्या रक्ताचा अहवाल ३० च्या खाली येण्याची बरीच शक्यता आहे, कारण मधल्या पावणेतीन तासांत यकृत काम करतच होतं. तुमचे वकील हा मुद्दा मांडतील, मांडलाच पाहिजे. पण त्याने ४६ चा आकडा आपोआप पुसला जाणार नाही.

खरी तपासणी कागदांची करायची आहे. मशीनची प्रिंट निघाली का, त्यावर वेळ आणि तुमची सही आहे का, मशीनच्या कॅलिब्रेशनचं (अचूकता तपासल्याचं) प्रमाणपत्र त्या तारखेला चालू होतं का, हे पाहा. रक्त काढताना कातडी स्पिरिटने पुसली होती का, ते आठवून आजच लिहून ठेवा. अल्कोहोल तपासणीच्या रक्तासाठी स्पिरिट लावायचंच नसतं, आणि बाटलीत रक्त टिकवणारं रसायन असावं लागतं. यात खरी चूक निघाली तर तिचा फायदा मागणं हा तुमचा हक्क आहे.

कलमं कोणती लागतील? १८५ च्या पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हाडाचं फ्रॅक्चर ही कायद्याने गंभीर दुखापत, म्हणून न्याय संहितेचं कलम १२५ (ब), तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सोबत बेदरकारपणे वाहन चालवल्याचं २८१. तिन्ही जामीनपात्र आहेत. दूधवाला दगावला असता तर गोष्ट फार वेगळी झाली असती. २००६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर दारू पिऊन चालवलेल्या गाडीखाली फुटपाथवर झोपलेले सात मजूर गेले. त्या चालकाची सदोष मनुष्यवधाखालची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली.

"पैसे देऊन मिटवू" हे अर्धंच शक्य आहे. १२५ (ब) मध्ये जखमी माणूस कोर्टाच्या परवानगीने तडजोड करू शकतो. १८५ आणि २८१ मध्ये तडजोड नाही. १८५ चा दंड पोलिसाच्या हातात भरून मोकळंही होता येत नाही, कोर्टातच उभं राहावं लागतं. आणि स्टँपपेपरवर "माझी काही तक्रार नाही" असं लिहून घेतलं म्हणजे नुकसानभरपाईचा दावा संपला, असंही नाही. तो दावा सांगलीच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात चालेल. तिथे चालक म्हणून तुम्ही आणि मालक म्हणून तुमचा भाऊ, दोघेही जबाबदार. विमा कंपनी दारूचा मुद्दा काढेल. अशा वेळी न्यायाधिकरण बहुधा कंपनीला आधी जखमीचे पैसे भरायला लावतं आणि नंतर तुमच्याकडून वसूल करायची मुभा देतं. भावाच्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम मात्र गेल्यात जमा धरा. भावावर फौजदारी काही येत नाही. तुम्ही प्यालेले आहात हे माहीत असताना त्याने चावी दिली असेल, तरच कलम १८८ चा प्रश्न येतो.

दूधवाल्याला मदत मात्र नक्की करा, आणि आत्ताच. मांडीचं हाड म्हणजे ऑपरेशन आणि कित्येक महिने अंथरूण. घरोघरचं दूध गोळा करून पोट भरणाऱ्या माणसाला हे कसं झेपणार? २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. त्याच्या घरच्यांना हे माहीत नसेल तर दवाखान्यात आजच विचारायला सांगा. वरचा खर्च तुम्ही द्या. बँकेतून द्या, पावती ठेवा. त्या बदल्यात कुठलाही कागद लिहून मागू नका. ही मदत म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, आणि शिक्षा ठरवताना कोर्ट ती विचारात घेऊ शकतं.

तुमची नोकरी फिरतीची, म्हणून लायसन्सचंही बघू. १८५ खाली दोषी ठरलात तर कोर्टाला किमान सहा महिने लायसन्स अपात्र करावंच लागतं (कलम २०). म्हणून पहिल्याच तारखेला "दहा हजार भरून टाकतो" म्हणत गुन्हा कबूल करू नका. ती कबुली १२५ च्या केसमध्ये आणि भरपाईच्या दाव्यातही तुमच्यासमोर येईल. चार्जशीटची नक्कल मिळू द्या, वकिलांना कागद तपासू द्या. कागद पक्के निघाले तर मग कबुली देऊन सौम्य शिक्षा मागणं हाच शहाणपणाचा मार्ग, आणि तेव्हा तो घ्या. पोलिसांनी लायसन्स जप्त केलं असेल तर ते आरटीओकडे जाईल आणि तिथून वेगळी नोटीस येईल. तिला मुदतीत लेखी उत्तर द्या. तोवर फिरतीची कामं एसटीने करा किंवा सहकाऱ्याच्या गाडीत मागे बसून.

सोमवारी भावाबरोबर वकील जाऊ दे. भावाने एवढंच सांगावं: गाडी माझी, त्या दिवशी भाऊ चालवत होता. आरसी, विम्याची पॉलिसी आणि पीयूसीच्या नकला सोबत ठेवाव्यात, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी.