प्लस अर्थच्या गाडीत नवा रेडिओ बसेल का?

प्रश्न : माझ्याकडे १९६५ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स गाडी आहे. हेडलाइटला ६०/५५ वॉटचे हॅलोजन बल्ब लावले, तरी उजेड पिवळटच पडतो आणि डॅशबोर्डवरचा स्विच गरम होतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, सगळं वायरिंग नवं टाका. शिवाय ब्लूटूथचा रेडिओही बसवायचा आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सगळं वायरिंग उपसायला लगेच हो म्हणू नका. हार्नेसवरचं, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरचं कापड विरलं म्हणजे आतली तार गेली असं नाही. तार वाकवल्यावर आवरण तडकत असेल, तर मात्र बदलायलाच हवी.

आधी अर्थ तपासा, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी. दिवे लावून ठेवा, मल्टिमीटरचं एक टोक बल्बमागच्या काळ्या वायरीला लावा आणि दुसरं बॅटरीच्या अर्थच्या खांबाला. बॅटऱ्या सीटच्या मागे असल्याने लांब वायर जोडून घ्यावी लागेल. मीटरवर ०.२ व्होल्टहून जास्त दिसलं, तर अर्थ खराब आहे. पुढच्या बाजूचे गोळीसारखे बुलेट कनेक्टर उघडा. आत हिरवट-पांढरी बुरशी दिसेल. ती खरवडत बसू नका, कनेक्टरच नवे घाला, स्वस्त असतात. बल्बला मिळणारं व्होल्टेज दहा टक्के घटलं, की उजेड जवळपास तीस टक्के घटतो. नवे बल्ब लावूनही रस्ता दिसत नाही, तो यामुळेच.

स्विच गरम होतो त्याचं कारण वेगळं. तुमच्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट त्या स्विचमधून आणि पायाखालच्या डिपर स्विचमधून जातो, आणि वाटेत फ्यूजच नाही! दोन हॅलोजन म्हणजे नऊ-दहा अँपिअर. म्हणून दोन रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच घाला, एक डिपला, एक अप्परला. डिपरकडून येणारी निळी-लाल आणि निळी-पांढरी वायर आता फक्त रिलेच्या कॉइलला, म्हणजे ८५-८६ नंबरच्या टर्मिनलला. ३० नंबरला बॅटरीकडून थेट जाड वायर, तिच्या सुरुवातीलाच फ्यूज, ८७वरून बल्ब. रिले घेताना आत डायोड नसलेला मागा, कारण डायोडवाल्याला प्लस-मायनस कळतं आणि तुमची गाडी उलटी आहे. १९६७च्या उत्तरार्धापर्यंतच्या एमजीबी प्लस अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला.

रेडिओची अडचण हीच आहे. नुसत्या दोन वायरी अदलाबदल करून भागणार नाही. रेडिओची पत्र्याची पेटी आणि एरियलच्या केबलचं वरचं कवच, दोन्ही आतून मायनसला जोडलेली. ती डॅशबोर्डच्या पत्र्याला टेकली, की सरळ शॉर्ट. पेटी आणि एरियल वेगळं ठेवता येतं, पण एखादा स्क्रू लांब झाला की संपलं. मला तो जुगाड पटत नाही.

माझं मत, गाडी मायनस अर्थ करून घ्या. बॅटरीच्या जोडण्या उलटवा. मग डायनामोचे प्लस-मायनसही उलटावेत म्हणून त्याच्या एफ टर्मिनलची वायर काढून त्या टर्मिनलला बॅटरीच्या लाइव्ह वायरीचा क्षणभर, दोन-तीनदा स्पर्श करा. बारीक ठिणगी उडेल, घाबरू नका. इग्निशन कॉइलच्या दोन बारीक वायरींची अदलाबदल करा. टॅकोमीटर, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणारा मीटर, मात्र इलेक्ट्रॉनिक आहे, त्याचं काम आतून करावं लागतं. ते जाणकाराकडेच द्या. पेट्रोल पंप बदलून इलेक्ट्रॉनिक घातला असेल, तर तो कोणत्या अर्थचा आहे हे बॅटरी उलटवण्यापूर्वी बघा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. तुमचा डायनामो पूर्ण जोरात २२ अँपिअर देतो आणि आयडलिंगला जवळपास काहीच नाही. हेडलाइट, वायपर आणि रेडिओ चालू ठेवून ट्रॅफिकमध्ये उभं राहिलात, तर बॅटरी उतरणारच. रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा लावायचा विचार असेल, तर आधी डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवा. तोही मायनस अर्थ झाल्यावरच.