दोन मॅच हरूनही ओहायो स्टेट चॅम्पियन कशी?

तुम्ही विचारलंय, की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या २०२४च्या हंगामात ओहायो स्टेट दोन मॅच हरली, स्वतःच्या कॉन्फरन्सच्या (म्हणजे विद्यापीठांच्या गटाच्या) फायनललाही पोचली नाही, तरी देशात पहिली कशी आली? त्या वर्षी मी त्याच विद्यापीठात, कोलंबसमध्ये, एमएस करत होतो, त्यामुळे उत्तरात थोडा पक्षपात असणार.

सरळ उत्तर असं, की त्याच वर्षी प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, चारऐवजी बारा टीम घेतल्या. निवड समितीच्या शेवटच्या क्रमवारीत ओहायो स्टेट सहावी होती. म्हणजे आदल्या वर्षीचा नियम असता तर नोव्हेंबरातच गाशा गुंडाळला असता.

पहिला पराभव ओरेगॉनकडून, ३२-३१. एका गुणाने हरलेलं लोक विसरतात. दुसरा मात्र ३० नोव्हेंबरला मिशिगनकडून, १३-१०, तोही घरच्या मैदानावर. मिशिगन आमची जुनी वैरी, म्हणून त्यांच्या मॅचच्या आठवड्यात आमच्या कॅम्पसवरच्या पाट्यांवरचा प्रत्येक ‘एम’ लाल टेपने फुली मारून झाकतात. मी ज्या इमारतीत शिकवणी घ्यायचो तिच्या नावातही एम होता, तोही सुटला नाही. त्या वर्षीची मिशिगन अगदीच साधारण, तोवर सहा जिंकलेल्या नि पाच हरलेल्या. तरी सलग चौथ्यांदा त्यांच्याकडून मार खाल्ला. मॅच संपल्यावर त्यांच्या पोरांनी मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवायचा प्रयत्न केला, हाणामारी जुंपली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला. तिकीट परवडणारं नव्हतं, म्हणून आम्ही हे सगळं मित्राच्या खोलीवर टीव्हीवर पाहिलं. आई फोनवर म्हणाली, "कॉलेजच्या मॅचला लाखभर माणूस? आणि हरल्यावर एवढं रडायचं?" कोच रायन डे यांना काढा, अशी ओरड त्याच रात्री सुरू झाली.

आणि मग तीच टीम सुटली. टेनेसीला ४२-१७. नवीन वर्षाच्या दिवशी रोझ बोल स्टेडियममध्ये तोवर अपराजित असलेल्या ओरेगॉनविरुद्ध दुसऱ्या क्वार्टरमध्येच ३४-०, शेवटी ४१-२१. जेरेमाया स्मिथ नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा असे कॅच घेत होता, की समोरचे बचाववाले नुसते बघत राहायचे.

खरा जीव टांगणीला लागला तो टेक्सासविरुद्ध. आम्ही २१-१४ पुढे, शेवटची काही मिनिटं, आणि टेक्सास गोललाइनपासून एका यार्डावर. प्रत्येक टीमला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न असतात. चौथा म्हणजे आपल्या कबड्डीतली ‘डू ऑर डाय’ रेड समजा. एका फसलेल्या चालीत ते सात यार्ड मागे ढकलले गेले. चौथ्या प्रयत्नात आमच्या जॅक सॉयरने त्यांचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) क्विन युअर्स याच्या हातातून बॉल उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळत सुटला. गंमत म्हणजे युअर्स आधी ओहायो स्टेटलाच होता, सॉयरचा रूममेट. आमच्या खालच्या मजल्यावरच्या लोकांनी तेव्हा छतावर काठी आपटायचं सोडून स्वतःच आरडाओरडा केला.

२० जानेवारी २०२५ला अटलांटात फायनल, नोत्र दामविरुद्ध. एका वेळी आम्ही ३१-७ पुढे होतो, मग ३१-२३ झाले आणि घशाला कोरड पडली. तिसऱ्या प्रयत्नात अकरा यार्ड हवे असताना आमचा क्वार्टरबॅक विल हॉवर्डने स्मिथला लांब बॉल टाकला, ५६ यार्ड मिळाले. पुढे फील्ड गोल (किकचे तीन गुण), ३४-२३, विषय संपला.

नशिबाचा भाग होता, पण पैशाचाही होता. खेळाडूंना त्यांच्या नावाच्या जाहिरातींतून कमवायची मुभा २०२१पासून आहे आणि या टीमवर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाल्याचं तिथल्या क्रीडाप्रमुखांनीच सांगितलं होतं. हॉवर्ड कॅन्सस स्टेटहून आणलेला, बचावातला केलेब डाउन्स अलाबामाहून. शिवाय एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये जाऊ शकणारी बरीच सीनियर पोरं मुद्दाम एक वर्ष थांबली होती. मिशिगनला हरवायचंच म्हणून, असं ती उघड सांगत.

ते काही जमलं नाही. फायनलनंतर मी केस कापायला गेलो. खुर्चीतल्या आजोबांचं मी अभिनंदन केलं, जसं काही तेच खेळले होते. आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाले, "हो रे, पण मिशिगनला हरलोच ना."