पूर्ण माहिती नसताना चांगले नेते निर्णय कसे घेतात? थांबावं की मनाचा कौल घ्यावा?

माझ्या मते, कोणत्या खुणेवर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवणारा माणूस ऐनवेळी कमी चुकतो.

आम्हा सोलापूरकरांना हे भीमेवरच्या उजनी धरणाकडे बघून कळतं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी वापरायला न धरलेलं तळाचं पाणी. आणि धरण भरतं ते पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरच्या पावसावर. त्यामुळे ऑगस्टमध्ये इथे कडक ऊन असलं तरी सगळ्यांचं लक्ष धरणाच्या वर दौंडला नदीतून किती पाणी येतंय, त्याकडे. आता स्वतःला तिथल्या अधिकाऱ्याच्या जागी ठेवून बघा. लवकर पाणी सोडलं आणि पाऊस उघडला, तर उन्हाळ्यात शिव्या. थांबला आणि वरून लोंढा आला, तर पंढरपुरात चंद्रभागा वस्तीत. त्यात उजनीच्या खाली नीरा भीमेला मिळते, म्हणजे वीर धरणातून काय सुटतंय तेही विचारावं लागतं. असला निर्णय रात्री दोन वाजता नुसत्या हिमतीवर कोण घेणार? म्हणून धरणाला परिचालन सूची असते : पावसाळ्यात कधी पातळी किती ठेवायची, हे आधीच लिहिलेलं. दरवाजेही एकदम सताड उघडत नाहीत. येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, बघून विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात, कमी करतात. तरी मे महिन्यात उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, गेली की ऑगस्टच्या विसर्गावर तोंडसुख घेणारे चौकाचौकात भेटतात. त्या दिवशी येवा किती होता, हे कुणी विचारत नाही.

माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. पुढच्या महिन्यात सुताचा भाव काय असेल, हे व्यापाऱ्यालाही माहीत नसतं (सांगतो मात्र छातीठोकपणे!). ऑर्डर पक्की झाली की तेवढं सूत त्याच दिवशी बुक, बाकीचं थोडं थोडं. जास्त झालंच तर चार पैसे सोडून विकता येतं. नव्या लूमचं तसं नाही. कर्ज काढून बसवला की हप्ता सुरू, आणि विकायला काढला तर भाव भंगाराचा. म्हणून सुताचं पाच मिनिटांत ठरवतो, लूमसाठी एखादा सीझन जाऊ देतो.

अजून एक. चर्चेत मालकाने आधी तोंड उघडू नये. मालक बोलला की जॉबर (मागांवर देखरेख करणारा) मान डोलावतो, आणि कोणता माग सारखा बंद पडतोय हे त्याच्या पोटातच राहतं. मी हल्ली सगळ्यात नव्या कामगाराला आधी विचारतो.