हवामान बदलावर पझल कॅश करायची आहे, कोडं कसं बांधू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहता, सहा महिन्यांपासून जिओकॅशिंग (जीपीएसच्या मदतीनं लपवलेले डबे शोधायचा खेळ) करताय, आता स्वतःची पहिली पझल कॅश, म्हणजे कोडं सोडवल्यावरच जागा कळेल असा डबा, लपवायची आहे आणि विषय हवामान बदलाचा घ्यायचाय. कोडं कसं बांधावं, आणि असा विषय लोकांना रुचतो का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. नाही रुचत. निदान आपण उपदेश करायला बसलो तर अजिबात नाही. रविवारी सकाळी डबा शोधायला निघालेल्या माणसाला प्रवचन नको असतं. शिवाय डब्याच्या आडून कुठलाही प्रचार नको असा नियमच आहे. माझ्या कॅशच्या वर्णनात शेवटी ‘आता तरी जागे व्हा’ असं एक वाक्य होतं. कॅश मंजूर करणाऱ्या रिव्ह्यूअरनं तेवढं काढायला लावलं. तेव्हा राग आला होता, आता वाटतं बरं झालं. काय भिकार वाक्य होतं ते.

आता कोडं. इथे मला जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण हा प्रकार मी करून बसलोय आणि त्यात माझे साडू दुखावले ते आजतागायत.

मी नेदरलँड्समध्ये राहतो, आइंडहोवनजवळ. 2015 च्या वसंतात न्यूनन गावाबाहेर एक पझल कॅश लपवली. विषय तुमचाच. इथे ‘हिटेगोल्फ’ म्हणजे उष्णतेची लाट ठरवायची व्याख्या पक्की आहे: डे बिल्ट या एकाच केंद्रावर सलग किमान पाच दिवस 25 अंश किंवा जास्त, आणि त्यातले किमान तीन दिवस 30 किंवा जास्त. (नागपूरकरांनी हसून घ्यावं, मी थांबतो.) इथलं हवामान खातं, केएनएमआय, 1901 पासूनच्या अशा लाटांची यादी सगळ्यांसाठी खुली ठेवतं. मला ती यादी कोड्यासाठी अगदी तयार मालासारखी वाटली. प्रश्न काढला: 1901 ते 1951 या काळात डे बिल्टला किती लाटा आल्या? उत्तर 23. ते अक्षांशात बसवायचं, 51 अंश 28 मिनिटांनंतरचे पहिले दोन अंक म्हणून. पुढचे अंक दुसऱ्या एका प्रश्नातून. डबा एका जुन्या ओकच्या मुळाशी, क्लिपांचा हवाबंद, आत वही आणि पेन्सिल.

वर्षभर सगळं छान चाललं. पंधराएक जणांनी शोधली, दोघांनी आवडत्या कॅशमध्ये टाकली.

2016 च्या उन्हाळ्यात डीएनएफ, म्हणजे ‘डबा सापडला नाही’ अशा नोंदी, यायला लागले. एक, दोन, चार. मी जाऊन पाहिलं तर डबा जागच्या जागी, कोरडा ठणठणीत. मग एके संध्याकाळी पुन्हा चक्कर मारली, तर ओकपासून बऱ्याच अंतरावर मक्याच्या कडेला एक माणूस ट्रॅक्टर थांबवून उभा. मला हातात जीपीएस घेऊन येताना पाहिलं आणि म्हणाला, ‘तू पण माझ्या मक्यात काहीतरी शोधतोयस का?’ मका डोक्याच्या वर गेलेला. कडेच्या तीन ओळी तुडवलेल्या दिसत होत्या. मी कबूल केलं नाही, खोटं कशाला सांगू. ‘नाही, फिरायला आलोय’ म्हणालो आणि घरी येऊन कॅश तात्पुरती बंद केली.

उलगडा केला एका वयस्कर डच बाईंनी. इथल्या जुन्या कॅशर, कोडी सोडवण्यात वाघीण. त्यांनी निरोप पाठवला: तुझी यादी जुनी झाली, नव्या यादीत त्या काळात 23 नाहीत, 7 आहेत. मी साइट उघडली. खरंच 7. सोळा लाटा गायब!

म्हणजे लोक 28.23 च्या जागी 28.07 घालत होते. फरक 0.16 मिनिटांचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे 1852 मीटर, तेव्हा लोक माझ्या ओकपासून जवळजवळ 300 मीटर दक्षिणेला पोचत होते, त्या माणसाच्या मक्यात. चेकर, म्हणजे काढलेलं उत्तर बरोबर आहे का ते ऑनलाइन तपासायची सोय, लावला नव्हता मी. पहिली पझल, शहाणपणा नडला. तुम्ही चेकर लावाच. एवढं एक वाचून बाकी उत्तर सोडून दिलंत तरी चालेल.

सोळा लाटा गेल्या कुठे? डे बिल्टचा तापमापक 1950 पर्यंत वेगळ्या धाटणीच्या खोपीत होता, आडोशाच्या जागी. 1950-51 च्या सुमारास आधी खोपी बदलून आजची झडपांची पांढरी पेटी आली, मग ती मोकळ्या मैदानात हलवली. जुन्या जागी कडक उन्हाच्या दिवशी पारा जास्त चढायचा. म्हणजे 1940 चा आकडा आणि 1990 चा आकडा एका मापानं मोजलेले नाहीत. 2016 मध्ये केएनएमआयनं जुन्या नोंदी नव्या जागेच्या मापाला आणल्या. गरम दिवस थोडे थोडे खाली आले, आणि व्याख्या 25 आणि 30 च्या रेषेवर बेतलेली असल्यामुळे अर्धा-एक अंश घटला की अख्खी लाट पुसली जाते. यादीत नापास झालेली पोरं असतात ना पस्तिसाला एक-दोन मार्क कमी पडलेली, तसं.

आता साडू. वयानं मोठे आहेत, मान आहे, युट्रेक्टला राहतात, म्हणजे डे बिल्टपासून सायकलवर वीस मिनिटं. मूळचे लातूर जिल्ह्यातले. त्याच वर्षी दिवाळीच्या फराळाला त्यांच्याकडे गेलो होतो आणि मूर्खासारखी ही मक्याची गोष्ट गंमत म्हणून सांगितली. सगळे हसले. साडू हसले नाहीत. म्हणाले, ‘म्हणजे बघा, आकडे फिरवतात. जुना उन्हाळा थंड करून दाखवला की आजचा आपोआप गरम दिसतो.’

मी म्हणालो, फिरवले नाहीत, दुरुस्त केले. ते म्हणाले, शब्द वेगळा, गोष्ट तीच. मग मला सुचलं ते मी बोललो आणि तिथेच घोटाळा झाला. त्यांचे वडील तलाठी होते, पीक किती आलं याची पैसेवारी लावणारे; ती पन्नासच्या आत आली की दुष्काळ. मी म्हणालो, ‘अहो, तुमच्या वडिलांनी आयुष्यभर पैसेवारी लावली. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. तिन्ही वेळा आकडा वेगळा. म्हणून काय ते खोटं लिहीत होते?’

मला वाटलं बिनतोड आहे. साडूंनी चकली खाली ठेवली. म्हणाले, ‘पैसेवारी पन्नासच्या आत दाखवायची की वर, हे वरून ठरायचं. बाबांना त्याचाच त्रास व्हायचा. मी तेच तर म्हणतोय.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. त्यांचे आईवडील तिथेच, घागरी मोजत दिवस काढलेले. आणि मी त्यांच्याच घरी बसून तलाठ्याचा दाखला देत होतो. मेव्हणीनं करंज्या पुढे केल्या. साडूंनी जाता जाता दुसरा बाण सोडला: ‘आणि तुम्ही एका डब्यासाठी जर्मनीपर्यंत गाडी हाकता. पेट्रोल कोणाचं जाळता, आमचंच ना?’

हा दुसरा बाण लागला, कारण खरा होता. तेव्हा मी एका पाच-पाच रेटिंगच्या (कोडं आणि वाट, दोन्ही सर्वात अवघड) कॅशसाठी जाऊन येऊन साडेचारशे किलोमीटर गाडी चालवलेली होती. आपल्या छंदात हे कोणी बोलत नाही. रस्त्याच्या कडेनं दर 161 मीटरवर एक डबा, गाडीतून उतरायचं, सही करायची, परत बसायचं, दिवसात शंभर. याला निसर्गात फिरणं म्हणतात! मी 2017 पासून सायकलनं जाता येईल तेवढंच करतो, साधारण तीस किलोमीटरच्या आत. नाताळात एकदा जर्मनी होते, ते सोडा.

पण पहिल्या बाणाचं उत्तर मला उशिरा सापडलं आणि ते मला इथे द्यायचंच आहे. केएनएमआयनं जुने मोजलेले आकडे पुसले नाहीत. मूळ नोंदी आणि दुरुस्त नोंदी, दोन्ही उपलब्ध आहेत. मी स्वतः दोन्ही उतरवून घेऊन एक्सेलमध्ये लाटा मोजल्या. पैसेवारीत आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवून, मधे काय केलं याची रीत जाहीर करून, ‘घ्या, तुम्हीच तपासा’ असं कोणी म्हणत नाही. फरक एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे. दुरुस्तीच्या रीतीवर वाद घालता येतो, इथे घातलाही गेला, आणि तो घालणारे सगळेच वेडे नाहीत हेही मान्य. सोळा जरा जास्तच गेल्या असतील. पण 2018, 2019 आणि 2020 या तीन वर्षांत मिळून पाच लाटा आल्या, त्यात कुठली खोपी हलवलेली नव्हती. 25 जुलै 2019 ला खिल्झे-रायनला 40.7 अंश झाले. या देशात चाळीशी ओलांडायची ती पहिलीच वेळ. आमच्या घरात एसी नाही, इथे बहुतेकांकडे नसतोच. मी टबमध्ये पाणी भरून त्यात पाय सोडून काम करत होतो.

तर कोडं. मी माझी कॅश मोडली नाही, प्रश्न बदलला. आता दोन्ही आकडे लागतात: मूळ नोंदींनुसार किती लाटा, ते अक्षांशात, 2016 च्या दुरुस्तीनुसार किती, ते रेखांशात. सोडवणाऱ्याला दोन याद्या का आहेत हे वाचल्याशिवाय डबा मिळत नाही. एक शब्द उपदेश नाही. आणि ‘2016 च्या’ हे मुद्दाम लिहिलंय, कारण उद्या पुन्हा दुरुस्ती झाली तर मका कोणाचा तरी तुडवला जाईलच.

तुमच्यासाठी यातून काय? चालू आकड्यावर कोडं बांधू नका. जागतिक तापमानाच्या याद्या तर दर महिन्याला नव्यानं काढतात, उशिरा आलेल्या नोंदी धरून, आणि मागच्या वर्षांचा दुसरा दशांश सहज हलतो. बांधायचंच तर कुठली यादी, कोणत्या तारखेची, ते लिहा. त्याहून बरं म्हणजे जागेवर जाऊन वाचता येईल असं काहीतरी घ्या. सांगलीच्या आयर्विन पुलावर पुराच्या पाण्याची 40 फूट इशारा पातळी, 45 धोका. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर 39 आणि 43. हे आकडे तिथल्या पोराटोरांना पाठ आहेत आणि उगाच बदलत नाहीत. पुलावर डबा मात्र लपवू नका, पूल फक्त आकडा वाचायला. पुण्यातच करायची असेल तर शिवाजीनगरचं सिमला ऑफिस आहे, देशाच्या हवामानाच्या नोंदींचं घर. कोड्याची सुरुवात तिथून करा, डबा नियमाप्रमाणे 3.2 किलोमीटरच्या आत कुठेतरी टेकडीवर. रेलिंगखाली, बसस्टॉपमागे चिकटवू नका. पुण्यात बेवारस डबा दिसला की पोलीस येतात, आणि त्यांना ‘पझल कॅश’ समजावून सांगायची वेळ तुमच्यावर येऊ नये. गडावर तर नकोच.

आणि पानशेतच्या पुराच्या खुणा वापरायचा मोह होईल, तो टाळा. 1961 ला धरण फुटलं होतं, त्याचा हवामान बदलाशी संबंध नाही. असं एक चुकीचं उदाहरण दिलंत की तुमचे जे कोणी साडू असतील ते तेवढंच धरून बसतील. लातूरच्या बाबतीतही मी आता जपून बोलतो. पाऊस कमी झाला हे खरं, पण ऊस कोणी लावला होता हेही विचारायला हवं, आणि हे साडूंनीच मला शिकवलं.

विमानाचं राहिलं. दरवर्षी पुण्याला यायचं विमान माझ्याकडून सुटत नाही, तेव्हा मी काही साधू नाही. साडू यावर बोलत नाहीत, कारण बहुतेक वेळा पुढच्या रांगेत तेच बसलेले असतात.

गेल्या ऑगस्टमध्ये त्यांच्या मुलीनं माझं कोडं सोडवलं. दोन्ही आकडे बरोबर काढले आणि डबा शोधायला यायचं ठरवलं. तिला घेऊन साडू स्वतः आले, युट्रेक्टहून, नव्वद किलोमीटर, गाडीनं. ओकच्या मुळाशी वाकून डबा काढला, वहीत देवनागरीत सही केली, मागची पानं उलटून आधी कोण कोण येऊन गेलं ते पाहिलं. मग आमच्याकडे जेवून गेले. पेट्रोलबद्दल मी त्या दिवशी एक शब्द काढला नाही. इथे काढतोय.